सीझर कोणत्या पट्टीत गातो?

१७२५ साली नेपल्सजवळच्या एका धनिकाच्या इस्टेटीवर योहान आडोल्फ हासे या तरुण जर्मन संगीतकाराची नवी रचना गायली गेली. पात्रं दोनच, अँटनी आणि क्लिओपात्रा. क्लिओपात्रा गायला कार्लो ब्रोस्की हा वीस वर्षांचा पुरुष, ज्याला पुढे सारा युरोप फारिनेल्ली म्हणून ओळखणार होता. अँटनी गायली वित्तोरिया तेसी ही स्त्री, कारण तिचा आवाज खर्जाकडे झुकणारा होता आणि फारिनेल्लीचा तारसप्तकात खेळणारा. ही वाटणी त्या श्रोत्यांना खटकली नाही. उलट या एका रचनेनं हासेचं नेपल्समध्ये बस्तान बसलं. हाच प्रयोग आज लावला तर पहिली दहा मिनिटं प्रेक्षक गाणं ऐकणारच नाहीत. पुरुष असून हा आवाज, या आश्चर्यात ते बुडालेले असतील, मोबाइल बाहेर निघालेले असतील. सोप्रानोच्या पट्टीत गाणाऱ्या पुरुषांना पूर्वी टिंगल सोसावी लागे, आता नवलाई सोसावी लागते, आणि मला ही नवलाई जास्त घातक वाटते. टिंगल करणारा निदान आपल्याला आवडलं नाही हे सांगतो. थक्क झालेला माणूस मात्र सूर लागला का, शब्द कळले का, दम पुरला का, यातलं काहीच विचारत नाही. चढा आवाज म्हणजे बाईचा आवाज, हे समीकरण निसर्गानं घालून दिलेलं नाही; ते जेमतेम दोनशे वर्षांपूर्वी रूढ झालं. ते बाजूला ठेवून या गायकांना इतर कुठल्याही सोप्रानोच्याच कसोटीवर घासून पाहायला हवं, असं माझं म्हणणं आहे.

आधी शरीराचं पाहू. पेटीच्या भाषेत सांगायचं तर मधल्या पांढरी एकपासून वर दोन सप्तकं, म्हणजे सेकंदाला साधारण २६२ कंपनांपासून १०४७ कंपनांपर्यंत, हा सोप्रानोचा सर्वसाधारण पल्ला. वयात येण्याआधी मुलगा काय नि मुलगी काय, दोघंही इथे आरामात गातात. लाइपझिगमध्ये बाखच्या चर्चसंगीतात सोप्रानोचं काम मुलगेच करत. त्या काळी मुलांचा आवाज बहुधा सोळाव्या-सतराव्या वर्षापर्यंत फुटत नसे, त्यामुळे बाखच्या हाताशी अनेक वर्षं तयारी झालेले गळे असत. पुढे टेस्टोस्टेरॉनच्या प्रभावानं मुलाचं स्वरयंत्र वाढतं, कंठमणी पुढे येतो, स्वरतंतू लांब आणि जाड होतात आणि आवाज जवळजवळ एक सप्तक खाली उतरतो. पण खालचं घर मिळालं म्हणून वरचा मजला काही पडत नाही. स्वरतंतू ताणून, त्यांच्या केवळ कडा कंप पावतील असं गायलं तर पुरुषाला वरच्या सप्तकात जाता येतं. हा फॉल्सेटो. आपल्याकडे त्याला खोटा आवाज म्हणून मोडीत काढायची पद्धत आहे, पण आजचे बहुतेक काउंटरटेनर, म्हणजे वरच्या पट्टीत गाणारे पुरुष, याच तंत्रावर उभे आहेत. इंग्लंडमध्ये आल्फ्रेड डेलरनं कँटरबरीच्या चर्चगायनातून हा आवाज दुसऱ्या महायुद्धाच्या सुमारास मैफलीत आणला, आणि १९६० साली बेंजामिन ब्रिटननं आपल्या ऑपेरातला ओबेरॉन हा यक्षांचा राजा खास त्याच्यासाठी लिहिला. डेलर आणि त्याच्या वाटेनं गेलेले बहुतेक गायक आल्टोच्या पट्टीत गातात. त्याच्याही वर, सोप्रानोत, टिकून गाणारे पुरुष अगदी थोडे. त्या थोड्यांतही काही असे, की वयात येताना त्यांचं स्वरयंत्र नेहमीसारखं वाढलंच नाही. अमेरिकेचा मायकेल मानियाची त्यांतला. तो फॉल्सेटो वापरत नाही, त्याचा नेहमीचा आवाजच तिथे आहे. म्हणजे ज्याला आपण एक नवल समजतो, त्यात निदान दोन वेगळ्या गोष्टी आहेत, एक कमावलेली आणि एक जन्मानं मिळालेली.

तिसरी गोष्ट माणसांनी चाकूनं घडवली, आणि तिचं नाव घेतल्याशिवाय या विषयावर बोलणं अप्रामाणिकपणाचं ठरेल. चर्चमध्ये स्त्रियांनी गाऊ नये असा दंडक होता आणि वरच्या पट्टीचे आवाज तर हवे होते. १५८९ साली पोप पाचव्या सिक्स्टसनं सेंट पीटर्सच्या गायकवृंदाची फेररचना करताना कास्त्रातींना, म्हणजे लहानपणीच खच्ची केलेल्या गायकांना, जागा दिली. दहा वर्षांनी पोपच्या स्वतःच्या गायकवृंदातही ते अधिकृतपणे दाखल झाले. आठ-दहा वर्षांच्या मुलाचं खच्चीकरण केलं की त्याचं स्वरयंत्र लहान राही. शरीर मात्र वाढतच जाई, कारण हाडांची वाढ थांबवणारी संप्रेरकं वेळेवर पोहोचत नसत. मुलाचे स्वरतंतू आणि प्रौढाचा, किंबहुना प्रौढाहून मोठा, छातीचा भाता अशी ही जोडणी होती. २००६ साली बोलोन्यात फारिनेल्लीचे अवशेष उकरून तपासले गेले, तेव्हा लांब हाडांवरून त्याची उंच शरीरयष्टी आणि हाडांत झालेले बदल अभ्यासकांना दिसले. ही शस्त्रक्रिया कायद्यानं गुन्हा होती आणि ती करणाऱ्याला धर्मबहिष्काराची शिक्षा होती. तरीही नेपल्सच्या संगीतशाळांत अशी मुलं शिकत होती, आणि घरचे लोक घोड्यावरून पडल्याच्या नाहीतर रानडुकरानं धडक दिल्याच्या कहाण्या सांगत होते. १७७० साली इंग्रज संगीत-इतिहासकार चार्ल्स बर्नी इटलीत फिरला आणि हे कुठे चालतं याची त्यानं चौकशी केली. मिलानमध्ये त्याला व्हेनिसचं नाव सांगितलं, व्हेनिसमध्ये बोलोन्याचं, बोलोन्यात पुन्हा दुसऱ्याच गावाचं. गाव कुठलंही असो, पाप शेजारच्या गावातलं. ज्या मुलांचा आवाज नंतर बरा निघाला नाही त्यांचं काय झालं असेल, याची कल्पनाच केलेली बरी. १९०३ साली पोप दहाव्या पायसनं चर्चमधल्या वरच्या आवाजांसाठी मुलगेच घ्यावेत असा आदेश काढला आणि ही परंपरा संपली. तिचा शेवटचा प्रसिद्ध आवाज, आलेस्सांद्रो मोरेस्की, त्याआधी १९०२ साली रोममध्ये ग्रामोफोन कंपनीच्या भोंग्यासमोर गायला होता. ज्या फ्रेड गायसबर्गनं आणि त्याच्या भावानं ते ध्वनिमुद्रण केलं, तोच फ्रेड गायसबर्ग त्याच वर्षी नोव्हेंबरात कलकत्त्यात गौहर जानचं गाणं मुद्रित करत होता. मोरेस्कीच्या तबकड्या ऐकताना मात्र जपून निष्कर्ष काढावा. तेव्हा त्याची चाळिशी उलटली होती, तंत्र बाल्यावस्थेत होतं, आणि तो फारिनेल्लीच्या ऑपेरापरंपरेतला नव्हता, चर्चचा गायक होता.

एवढं क्रौर्य ज्यासाठी चाललं होतं, त्या रंगमंचावर हे आवाज कोणाच्या वाट्याला येत हे पाहिलं की आजच्या श्रोत्याचा गोंधळ उडतो. देव, राजे, सेनापती, प्रियकर. माँटेवेर्दीच्या १६४३ सालच्या पॉपेयावरच्या ऑपेरात रोमचा सम्राट नीरो सोप्रानो आहे. हँडेलनं १७२४ साली लंडनमध्ये ज्यूलियस सीझरवर ऑपेरा केला तेव्हा सीझर गायला सेनेसिनो, आल्टो पट्टीतला कास्त्रातो. त्याच ऑपेरात सेक्स्टस या तरुण मुलाची भूमिका मार्गेरिता दुरास्तान्ती या स्त्रीनं केली. याच दुरास्तान्तीनं चार वर्षांपूर्वी हँडेलच्या 'राडामिस्तो'त राजपुत्र राडामिस्तो गायला होता. त्याच वर्षी सेनेसिनो लंडनला आला आणि डिसेंबरात ती भूमिका त्याच्याकडे गेली. एप्रिलमध्ये नायक स्त्री, डिसेंबरात कास्त्रातो, आणि हँडेलला त्यात काही विपरीत वाटलं नाही. त्याच्या लेखी नायक म्हणजे वरच्या पट्टीत चमकणारा, पल्लेदार ताना घेणारा आवाज, मग तो कोणाच्या गळ्यातून येवो. जमिनीवरच्या माणसांचे आवाज खाली, दैवी आणि राजस माणसांचे वर, अशी ही सौंदर्यदृष्टी होती. तिला कृत्रिम म्हणता येईल. पण ऑपेरात मरणारा माणूस पाच मिनिटं गात मरतो, तिथे कृत्रिमतेचा विटाळ मानायचा तर थिएटरात पाऊलच टाकू नये.

या दृष्टीची जागा एकोणिसाव्या शतकात दुसऱ्या दृष्टीनं घेतली. हा बदल एका रात्रीत झाला नाही. कास्त्राती कमी झाले तेव्हा काही काळ खर्जातल्या स्त्रिया नायक झाल्या. रॉसिनीचा १८१३ सालचा तान्क्रेदी हा योद्धा स्त्रीसाठीच लिहिलेला आहे. मग टेनर, म्हणजे पुरुषांच्या नेहमीच्या आवाजांतला वरचा आवाज, पुढे आले. त्या वेळचे टेनर फार वरचे सूर हलक्या, मिश्र आवाजात घेत. १८३७ साली पॅरिसमध्ये जिल्बेर दुप्रेनं रॉसिनीच्याच 'विल्यम टेल'मध्ये वरचा षड्ज पूर्ण छातीच्या जोरावर फेकला आणि प्रेक्षक वेडे झाले. रॉसिनीला तो सूर आवडला नव्हता. खच्ची केलेल्या कोंबड्याची मान कापावी तसा तो त्याला वाटला, असं सांगतात. हे खरं असेल तर उपमा मोठी मार्मिक आहे. म्हणजे नायकानं चढं गावं ही हौस संपली नव्हती, फक्त ती आता ताकदीच्या प्रदर्शनाला जोडली गेली. मर्दानी आवाजाची आजची आपली व्याख्या या टेनरपासून सुरू होते, आदिमानवापासून नव्हे.

नव्या व्याख्येनं जुन्या संगीताचं काय केलं, हे पाहण्यासारखं आहे. १९२२ साली जर्मनीत ग्योटिंगेन इथे ऑस्कार हागेननं हँडेलचा सीझर पुन्हा उभा केला तेव्हा सीझरची भूमिका सरळ एक सप्तक खाली उतरवली आणि ती खालच्या पुरुषी आवाजाला दिली. न्यूयॉर्क सिटी ऑपेरानं १९६६ साली तेच केलं. क्लिओपात्रा होती बेव्हर्ली सिल्स आणि सीझर नॉर्मन ट्रेगल हा बास-बॅरिटोन. दोघंही मोठे कलावंत, आणि हँडेलचे ऑपेरा अमेरिकेत लोकप्रिय व्हायला या प्रयोगानं मदत केली हेही खरं. पण ऑपेराच्या शेवटी सीझर आणि क्लिओपात्रा एकत्र गातात तिथे हँडेलनं दोन आवाज एकाच सप्तकात, एकमेकांना खेटून ठेवले आहेत. एक आवाज सप्तकभर खाली ढकलला की त्यांच्यातली ही लगट जाते आणि मधे एक रिकामी जागा उरते. चपळ आल्टोसाठी लिहिलेल्या ताना जड आवाजात धापा टाकू लागतात. पुरुषानं पुरुषासारखं गावं या आग्रहाची किंमत अशी थेट संगीतानं मोजली. उच्च आवाजाचे पुरुष परत आले ते चमत्कार दाखवायला नव्हे, ही मोडलेली जोडणी सांधायला. जॅनेट बेकरसारख्या स्त्रियांनीही सीझर गाऊन तेच काम केलं.

हे आवाज अनैसर्गिक आहेत, असं यावर म्हटलं जाईल. या आक्षेपाला मराठी वाचकानं तरी सहज मान डोलावू नये. बालगंधर्वांच्या सिंधूसाठी आणि भामिनीसाठी, दीनानाथांच्या लतिकेसाठी जीव टाकणाऱ्या प्रेक्षकांनी स्त्री पाहिली, शालूच्या निऱ्यानिऱ्यांत दिसणारी ऐट पाहिली, पण ऐकला तो पुरुषाचाच आवाज. बालगंधर्वांच्या ध्वनिमुद्रिका उपलब्ध आहेत. त्यांतला गळा गोड आहे, लवचीक आहे, पण तो फॉल्सेटो नव्हे आणि सोप्रानो तर नव्हेच. १९२१ सालच्या संयुक्त मानापमानात केशवराव भोसल्यांचा धैर्यधर आणि बालगंधर्वांची भामिनी एकमेकांसमोर उभी राहिली तेव्हा नायिकेचा आवाज नायकापेक्षा एक सप्तक वर हवा, अशी मागणी कोणी केल्याचं दिसत नाही. इटलीत पुरुषाची भूमिका आणि आवाज सोप्रानोचा, इथे स्त्रीची भूमिका आणि आवाज पुरुषाचा. दोन्ही ठिकाणी प्रेक्षकाच्या कानानं पात्राचं लिंग आणि आवाजाची पट्टी वेगळी ठेवली, आणि कान बिघडला नाही. उलट दिशेनंही आपली तयारी आहे. गंगूबाई हनगलांचा आवाज गळ्याच्या दुखण्यानंतर खाली उतरला. त्या पुढे अर्धशतकाहून अधिक काळ गायल्या आणि श्रोत्यांनी त्यांचा ख्यालच ऐकला. मात्र पुरुषाच्या गळ्यातून बाईचा आवाज आला की आपल्याला हसू येतं. १९६२ सालच्या 'हाफ टिकट'मध्ये किशोरकुमारनं एकाच गाण्यात दोन्ही आवाज गायले ते विनोदासाठीच, आणि नंतरच्या ऑर्केस्ट्रांनी ती चाल दशकानुदशकं वापरली. ते गाणं बहारीचं आहे यात शंका नाही. पण त्यानं आपल्या कानाला एक वळण लावलं: असा आवाज म्हणजे नक्कल. ज्या गायकाचा तो स्वतःचा आवाज आहे, त्याला ऐकताना हे वळण आड येतं.

दुसरा आक्षेप नैतिक आहे. या आवाजांचं कौतुक म्हणजे मुलांवरच्या अत्याचाराला उजाळा देणं नव्हे का? कास्त्रातींबद्दल हळहळत, त्या हरवलेल्या अद्भुत आवाजाची आळवणी करत लिहिलं जातं तेव्हा मलाही हा प्रश्न पडतो. १९९४ सालच्या 'फारिनेल्ली' या चित्रपटानं ती हौस चांगलीच वाढवली. त्यातला आवाज कोणा एकाचा नाहीच. डेरेक ली रागिन या काउंटरटेनरचा आणि एवा मालास-गॉडलेव्हस्का या सोप्रानोचा आवाज संगणकावर एकजीव करून तो तयार झाला. ऐकायला तो छान आहे, पण तो फारिनेल्लीचा पुरावा म्हणून कोणी मांडू नये. गायकाला मात्र या पापाचा वारस ठरवणं मला मान्य नाही. मुलाचं शरीर न मोडता, अभ्यासानं किंवा जन्मजात ठेवणीनं तेच संगीत गाता येतं हे मानियाचीसारखे लोक दाखवतात. मोझार्टनं १७७३ साली मिलानमध्ये वेनान्झिओ राउझिनी या कास्त्रातोसाठी लिहिलेली प्रसिद्ध स्तोत्ररचना पुढे स्त्रियांनी गायली, मुलांनी गायली, आता पुरुष सोप्रानो गातात. तिच्या निर्मितीमागची परिस्थिती लपवू नये, एवढी अट पुरेशी आहे. ती रचनाच टाकून द्यायची म्हटली तर हँडेलचा निम्मा खजिना कुलूपबंद करावा लागेल.

तिसरा आक्षेप मला सगळ्यांत वजनदार वाटतो. सोप्रानो हा ऑपेरातल्या स्त्रियांचा हक्काचा आणि सर्वांत गर्दीचा प्रांत. एका भूमिकेसाठी तयार गळ्याच्या कितीतरी मुली रांगेत उभ्या असताना तिथेही पुरुषांनी शिरावं का? रोममध्ये स्त्रियांना रंगमंचावर बंदी होती. अठराव्या शतकाच्या अखेरीस फ्रेंच फौजा येईपर्यंत तिथे नायिकाही कास्त्रातीच गात. लिओनार्दो विंची या संगीतकाराचा 'आर्तासेर्से' हा ऑपेरा १७३० साली रोममध्ये याच नियमाखाली झाला. २०१२ साली नान्सीमध्ये तो पाच काउंटरटेनर घेऊन, नायिकांसह सगळ्या वरच्या भूमिका पुरुषांना देऊन पुन्हा सादर झाला. गाणं अव्वल दर्जाचं, फ्रांको फाजोलीच्या ताना तर अफाट. पण त्या प्रयोगाची रंगत ज्या कल्पनेवर उभी होती ती कल्पना मुळात एक बंदी होती, आणि कौतुकाच्या भरात हे विसरायला झालं. ब्राझीलच्या ब्रुनो द सा या सोप्रानोनं २०२२ साली रोममध्ये पुरुषांनी गायलेल्या स्त्रीभूमिकांच्या आरियांचा, म्हणजे ऑपेरातल्या एकल गाण्यांचा, संग्रह काढला तेव्हाही हाच पेच होता. द सा उत्तम गातो आणि त्याला या आरिया नाकारण्याचं कारण मला दिसत नाही. निर्मात्यांनी मात्र भूमिका आवाजाच्या चाचणीवर द्यावी, पुरुष असल्याच्या जाहिरातमूल्यावर देऊ नये. नाहीतर पुरुषाला वरच्या पट्टीची परवानगी आणि स्त्रीला मात्र जुनीच चौकट, असा एकेरी रस्ता तयार होईल. तेसीच्या अँटनीला जागा असेल तरच फारिनेल्लीच्या क्लिओपात्राला अर्थ आहे. संख्येनं पाहिलं तर पुरुष सोप्रानो इतके मोजके आहेत की स्त्रियांचं काम त्यांच्यामुळे बुडेल असं वाटत नाही. तरी तत्त्व संख्येवर सोडू नये.

राहिला दर्जाचा प्रश्न. इथे मी या गायकांच्या चाहत्यांशी फटकून आहे. फॉल्सेटोला मर्यादा आहेत. सोप्रानोच्या पल्ल्याच्या तळाशी तो विरळ होतो, गायकाला छातीच्या आवाजात उतरावं लागतं आणि तो सांधा नीट बुजला नाही तर कानाला ठेच लागते. स्वरतंतू पूर्ण मिटत नसतील तर हवा गळते, लांब वाक्याला दम पुरत नाही, ताल ढिला आणि ताना पुसट होतात. इंटरनेटवर लाखो लोकांनी वाखाणलेले कितीतरी वरचे सूर मला कर्कश वाटतात. ते एखाद्या मुलीनं घेतले असते तर तिच्या गुरूनं तिला तिथेच थांबवलं असतं. पुरुषाला मात्र टाळ्या मिळतात, कारण तो तिथवर पोहोचला हेच पुरे समजलं जातं. याचा तोटा चांगल्या गायकाला होतो. व्हेनेझुएलाचा सामुएल मारिन्यो किंवा द सा जेव्हा एखाद्या संथ आरियात पहिल्यांदा चाल साधी ठेवतात आणि आवर्तनात तिच्यावर मोजकी नक्षी काढतात, तेव्हा त्यातली कारागिरी ओळखायला कान मोकळा लागतो. समीक्षकानं त्यांच्याबद्दल लिहिताना पहिल्याच परिच्छेदात स्वरयंत्राची माहिती देणं थांबवावं. इटालियन शब्द कसे उमटले, आवर्तनातली सजावट अर्थाला धरून होती की नुसती कसरत, मधल्या सप्तकात आवाजाला अंग होतं का, वाद्यवृंदाच्या वर तो पोहोचला का, हे लिहावं. आणि जमलं नसेल तर तेही, एखाद्या सोप्रानो बाईबद्दल जितक्या बिनदिक्कतपणे लिहिलं असतं तितक्याच.